रस्ता खरंच बंद झाला होता का? जगाचा इतिहास शिकायला बसलेल्या एका वाचकाचं प्रकरण

‘तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, आशियाकडे जाणारा व्यापारी मार्ग बंद झाला आणि त्यामुळे युरोपीयांना भारताकडे जाणारा सागरी मार्ग शोधणं भाग पडलं.’ शाळेत थोडाफार इतिहास शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. हे प्रकरण त्या वाक्याचं आहे आणि ते तपासायला बसलेल्या एका बाईंचं आहे.

त्या पेशाने हिशेब तपासनीस. शाळा संपल्यावर इतिहासाचं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांनी ठरवलं, जगाचा इतिहास पहिल्यापासून शिकायचा. पहिल्यापासून म्हणजे अगदी सुमेरपासून. जाडजूड वही घातली, सनावळ्यांचे तक्ते केले, राजघराण्यांच्या याद्या उतरवल्या. ग्रीसपर्यंत पोचेतो सुमेर पुसट झालं, रोम आलं तेव्हा ग्रीसमधल्या लढायांची सरमिसळ सुरू झाली. माझ्याकडे आल्या त्या स्मरणशक्तीची तक्रार घेऊन. “वाचते, टिपून ठेवते, तरी डोक्यात राहत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि राहिलं तरी त्याचं करायचं काय, तेच कळत नाही.”

मला त्या तक्रारीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. नव्याने इतिहासाकडे वळलेल्या बहुतेकांच्या मनात एक क्रम पक्का असतो: आधी सगळी माहिती गोळा करायची, मग पुरेशी जमली की विचाराला लागायचं. ती ‘पुरेशी’ कधीच जमत नाही. पाच हजार वर्षांचा आणि सगळ्या खंडांचा पसारा कुणाच्याही वहीत मावणारा नाही. माझं मत असं, की विचाराची सुरुवात पहिल्याच दिवशी, अगदी थोड्या माहितीवर करता येते, आणि केली तरच माहिती टिकते.

हे मत हवेतलं नाही. सॅम वाईनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि आठ शाळकरी विद्यार्थी यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या, १७७५ मधल्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीची कागदपत्रं दिली आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकारांपैकी काहींचा त्या कालखंडाशी संबंध नव्हता. साध्या माहितीच्या प्रश्नांत काही विद्यार्थी त्यांच्या पुढे गेले. पण कागद हातात आल्यावर चित्र पालटलं. इतिहासकारांची नजर आधी खाली, लिहिणाऱ्याच्या नावाकडे आणि तारखेकडे जायची. हे कोण सांगतंय, केव्हा, कुणाला, आणि दुसरा साक्षीदार हेच सांगतो का, असं ते विचारत राहिले. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमिक पुस्तक वाचावं तसं वाचून मोकळे झाले. फरक माहितीचा नव्हता, कागदाला प्रश्न विचारण्याच्या सवयीचा होता. आणि सवय लावून घेता येते.

म्हणून आम्ही वही बाजूला ठेवली आणि एकच वाक्य घेतलं. १४५३ चं वाक्य निवडण्याचं कारण उघड होतं. त्यात दोन घटना आहेत आणि त्यांना जोडणारं एक कारण आहे. घटना दोन्ही खऱ्या आहेत. जोड खरी आहे का, एवढंच पाहायचं होतं. त्या बाईंना हे लगेच पटलं, कारण पावतीवाचून केलेली नोंद मान्य करायची नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

आधी तारखा

पहिलं काम अगदी प्राथमिक. पोर्तुगीजांच्या सागरी मोहिमांच्या तारखा एका कागदावर, तुर्कांच्या विजयाच्या तारखा शेजारी. पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. मदेरा बेटांवर वस्ती सुरू झाली १४२० च्या सुमारास. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर, ज्याच्या पुढे जायला खलाशी धजत नव्हते, ते जील इआनेसने ओलांडलं १४३४ मध्ये. कॉन्स्टँटिनोपल पडलं २९ मे १४५३ रोजी. म्हणजे ज्या घटनेमुळे पोर्तुगीज समुद्रावर उतरले असं आपण म्हणतो, ती घडण्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं ते समुद्रावर होते.

त्याहून जुनी एक नोंद त्या बाईंना सापडली तेव्हा त्यांचा उत्साह पाहण्यासारखा होता. इटलीतल्या जिनोआचे विवाल्दी बंधू १२९१ मध्येच दोन गलबतं घेऊन आफ्रिकेच्या बाजूने भारत गाठायला निघाले होते. ते परत आले नाहीत. पण भारताला समुद्रमार्गे जावं ही कल्पना १४५३ च्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची आहे, एवढं त्यावरून पक्कं होतं.

नवशिक्याला तारखांचा कंटाळा येतो, कारण त्या पाठ करायच्या असतात अशी त्याची समजूत असते. इथे त्याच तारखा कामाला आल्या. परिणामाच्या आधी कारण हवं, ही इतिहासातली सर्वांत साधी कसोटी, आणि प्रसिद्ध वाक्यंही तिच्यावर घासून पाहिलेली नसतात. सेउता १४१५ हे त्यांना पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

मग नकाशा

दुसरा प्रश्न त्यांनी स्वतः काढला: भारतातून युरोपात जाणारी मिरी नेमकी कुठून जायची? या प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला.

मलबारची मिरी अरबी समुद्र ओलांडून एडन किंवा जेद्दा, तिथून तांबड्या समुद्रातून वर, मग उंटांच्या तांड्यांनी कैरो, पुढे नाईल नदीने अलेक्झांड्रिया. दुसरी वाट सीरियातून, दमास्कस आणि बैरूतकडे. व्हेनिसची व्यापारी जहाजं मिरी उचलायची ती प्रामुख्याने अलेक्झांड्रिया आणि बैरूत इथून. कॉन्स्टँटिनोपल या वाटेवर येतच नाही. नकाशावर बोट ठेवून पाहिलं की हे अर्ध्या मिनिटात दिसतं, पण नकाशा उघडायची गरज आहे हेच आपल्याला कधी वाटलेलं नसतं.

इजिप्त आणि सीरिया १४५३ मध्ये कुणाच्या ताब्यात होते? मामलुक सुलतानांच्या. उस्मानी तुर्कांनी ते जिंकले १५१६-१७ मध्ये, सुलतान पहिला सेलीम याच्या काळात. वास्को द गामा कालिकतला पोचला २० मे १४९८ रोजी. तुर्कांच्या हाती मसाल्याच्या मुख्य वाटा आल्या, त्या पोर्तुगीज भारतात पोचल्यानंतर. त्याआधी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी मिरीच्या भावाबद्दल बोटं मोडली असतील, तर ती मामलुकांच्या नावाने. सुलतान बार्सबाय याने १४२२ ते १४३८ या कारकिर्दीत मिरीच्या विक्रीवर सरकारी मक्तेदारीच बसवली होती.

मग तुर्कांनी जिंकलेल्या शहरात व्यापाराचं काय झालं? दुसरा मेहमेद याने शहर घेतल्यावर दोन-तीन दिवसांतच गलाता या उपनगरातल्या जिनोईज लोकांना व्यापाराची हमी देणारं फर्मान दिलं. व्हेनिसशी १४५४ मध्ये करार झाला. जकात मिळवून देणारा व्यापारी कुठल्याच सुलतानाला नकोसा नव्हता.

१४८७ मध्ये पोर्तुगालचा राजा दुसरा झुआंव याने पेरो द कोविल्यां नावाचा हेर पूर्वेकडे पाठवला. तो अलेक्झांड्रिया, कैरो, एडन असं करत व्यापाऱ्याच्या वेषात मलबारला पोचला, कालिकत पाहून आला. कॉन्स्टँटिनोपल पडून तीन दशकं उलटली होती. ‘बंद’ मार्गाने एक पोर्तुगीज माणूस भारतात आला. हे वाचून त्या बाई काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, “मग आम्हाला शिकवलं कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याकडे पुढे येतो.

लोक स्वतः काय सांगतात

आतापर्यंत आम्ही वाक्य मोडत होतो. त्याच्या जागी काय ठेवायचं यासाठी त्या काळच्या माणसांकडे जायला हवं. गोमेस इआनेस द झुरारा हा पोर्तुगीज दरबारी बखरकार. गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांवरची त्याची बखर पूर्ण झाल्याची नोंद फेब्रुवारी १४५३ ची आहे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या तीन महिने आधीची. पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याने जहाजं का पाठवली याची कारणं त्यात ओळीने दिली आहेत: बोजादोरच्या पलीकडे काय आहे ते जाणून घ्यायचं होतं, तिकडे ख्रिस्ती वस्ती किंवा सुरक्षित बंदरं सापडली तर व्यापार करता येईल, मुसलमान शत्रूचा मुलूख कुठपर्यंत पसरला आहे ते समजेल, मदतीला येईल असा एखादा ख्रिस्ती राजा भेटेल, आणि धर्मप्रसार होईल. वर राजपुत्राच्या कुंडलीतल्या ग्रहांचाही कौल सांगितला आहे. मसाल्याचा उल्लेख या कारणांत नाही.

इथे मी त्यांना थांबवलं. एक खोटं वाक्य टाकून दुसऱ्या एका कागदावर पूर्ण विश्वास टाकायचा, हा धोका नवशिक्याला फार लवकर गाठतो. झुरारा कोण? दरबाराचा पगारी लेखक. कुणासाठी लिहितो? राजघराण्यासाठी. हेन्रीला धर्मवीर दाखवण्यात त्याला रस आहे की नाही? मग सोन्याचा आणि फायद्याचा उल्लेख तो पुढे करेल का? त्या बाईंनी कागद पुन्हा वाचायला घेतला, या वेळी सावकाश.

आणि मग त्या एका अशा पानावर येऊन थबकल्या, ज्याचा आमच्या मूळ वाक्यात मागमूसही नाही. ऑगस्ट १४४४ मध्ये लागोस बंदरात आफ्रिकेतून धरून आणलेले २३५ स्त्री-पुरुष आणि मुलं एका मैदानावर उभी केली गेली. वाटणी करताना नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडलं गेलं. आया मुलांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत होत्या, मार खात होत्या, सोडत नव्हत्या. हे सगळं झुरारा लिहितो. आपले अश्रू आवरत नाहीत असंही लिहितो. आणि त्यापुढे, घोड्यावर बसलेला राजपुत्र आपल्या पाचव्या हिश्श्याची ४६ माणसं वाटून टाकत होता आणि इतक्या आत्म्यांचा उद्धार झाला म्हणून समाधानी होता, असं कौतुकाने सांगतो.

मला या पानाबद्दल तटस्थपणे लिहिता येत नाही, आणि लिहूही नये. ‘मार्ग बंद झाला, नवा मार्ग शोधला’ हे वाक्य नुसतं तारखांत चुकत नाही. युरोपच्या सागरी विस्ताराची पहिली दशकं गुलामांच्या आणि सोन्याच्या व्यापारावर उभी होती, हे ते झाकून टाकतं. मिरीचा गोड वास येणाऱ्या गोष्टीत त्या मैदानाला जागा राहत नाही. एखादं ऐतिहासिक विधान तपासताना ते कुणाला वगळतं, हा प्रश्न कारणाच्या प्रश्नाइतकाच आधी विचारायला हवा.

हेन्री १४६० मध्ये वारला. १४६९ मध्ये राजाने गिनीचा व्यापार फर्नांव गोमेस या व्यापाऱ्याला मक्त्याने दिला, दरवर्षी किनाऱ्याचा आणखी शंभर लीग (अंतराचं जुनं माप) भाग धुंडाळायच्या अटीवर. १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर सोन्याच्या व्यापारासाठी एल मिनाचा किल्ला उभा राहिला. बार्तोलोमेउ दियास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेला १४८८ मध्ये. प्रत्येक टप्प्याचा खर्च मागच्या टप्प्याच्या कमाईतून निघत होता. भारत हे उद्दिष्ट या प्रवासात हळूहळू स्पष्ट होत गेलं.

कालिकतच्या किनाऱ्यावर

वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची एक रोजनिशी उपलब्ध आहे. लिहिणाऱ्याने तिच्यावर नाव घातलेलं नाही, पण तो जहाजावर होता हे मजकुरावरून कळतं. कालिकतला पोचल्यावर गामाने आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवलं. त्याला तिथे ट्यूनिसचे दोन मुसलमान भेटले. त्यांना कॅस्टिलियन आणि जिनोईज भाषा येत होत्या. सैतान तुला उचलून नेवो, तू इथे कसा, असं त्यांनी स्वागत केलं. काय शोधायला आलात, यावर उत्तर मिळालं: ख्रिस्ती माणसं आणि मसाले.

हे उत्तर प्रसिद्ध आहे. बहुतेक पुस्तकं तिथेच थांबतात. त्या बाई थांबल्या नाहीत. त्यांचं लक्ष उत्तर देणाऱ्यावरून विचारणाऱ्याकडे गेलं. ट्यूनिसचा माणूस १४९८ मध्ये कालिकतला काय करतोय? त्याला जिनोआची भाषा कशी येते? भूमध्य समुद्राच्या काठचा माणूस मलबारच्या बंदरात घरच्यासारखा वावरतो, याचा अर्थ ती वाट चालू आहे, वर्दळीची आहे. पुढे झामोरीनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, आणलेल्या भेटवस्तू पाहून त्याचे अधिकारी हसले. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, असं ते म्हणाले. मक्केहून व्यापारी येतच होते.

प्रसिद्ध वाक्याविरुद्धचा पुरावा गामाच्याच सोबत्याने लिहून ठेवला होता, त्याचा हेतू नसताना. लिहिणाऱ्याला जे सिद्ध करायचं नाही, पण जे त्याच्या लिहिण्यातून सहज निसटतं, त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. इतिहासाच्या अभ्यासात मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे, आणि एका नवख्या वाचकाने ती कुणी न दाखवता पकडली.

लंबक दुसऱ्या टोकाला

मग अपेक्षेप्रमाणे त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. “म्हणजे १४५३ चा काही संबंधच नाही,” असं त्यांनी वहीत लिहिलं. हेही तपासायला हवं होतं.

काळ्या समुद्रातला इटालियन व्यापार खरोखरच आटला. क्रिमियातलं जिनोईजांचं काफा तुर्कांनी १४७५ मध्ये घेतलं, आणि जिनोआचा पैसा आणि माणसं पश्चिमेकडे, स्पेन-पोर्तुगालकडे आणखी झुकली. व्हेनिस आणि तुर्क यांच्यात १४६३ ते १४७९ युद्ध चाललं. शहर पडल्याचा मानसिक धक्का मोठा होता: पोपने धर्मयुद्धाची हाक दिली, पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोने त्यासाठी तयारी केली, १४५७ मध्ये क्रुझादो हे सोन्याचं नाणं पाडलं, आणि शेवटी ते सैन्य १४५८ मध्ये मोरोक्कोवर नेलं. १४५५ च्या पोपच्या आज्ञापत्रात, समुद्रमार्गे ख्रिस्ताला मानणाऱ्या भारतीयांपर्यंत पोचून त्यांची मदत मिळवावी, या हेन्रीच्या आशेचा उल्लेख आहे. म्हणजे १४५३ मुळे मसाल्याची वाट बंद झाली नाही, पण तुर्कांना मागून गाठायचं स्वप्न मात्र बळावलं. कारणांची ही उतरंड लावणं, कुठलं मूळ, कुठलं पूरक, कुठलं नुसतं शेजारी घडलेलं, हे काम तारखांच्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे.

‘मग आम्हाला शिकवलं कशाला’ हा प्रश्न राहिला होता. हे वाक्य खोटं ठरवणारे आम्ही पहिले नव्हतो. अल्बर्ट लायबायर या अमेरिकी इतिहासकाराने १९१५ मध्येच एका लेखात तारखा आणि मिरीचे भाव तपासून, तुर्कांनी मार्ग अडवले नाहीत असं दाखवलं होतं. फ्रेडरिक लेन या इतिहासकाराने पुढे दाखवलं, की सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या समुद्रातून येणारा मिरीचा ओघ पुन्हा पूर्ववत झाला होता, तेव्हा तर सगळी वाट तुर्कांच्या हाती होती. शंभराहून अधिक वर्षं उलटली तरी वाक्य टिकून आहे, कारण ते सुटसुटीत आहे: एक तारीख, एक खलनायक, एक परिणाम. परीक्षेत लिहायला सोयीचं. अभ्यासकांचं लिखाण आणि शाळेचं पुस्तक यांत एवढं अंतर राहतं याची मला चीड येते.

शेवटी त्यांनी स्वतःचा परिच्छेद लिहिला: ‘पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे सरकत होते. सोनं, गुलाम, मुसलमान सत्तांशी शत्रुत्व आणि ख्रिस्ती मित्राचा शोध ही त्यांची सुरुवातीची कारणं होती. भारत आणि मसाले हे उद्दिष्ट १४८० नंतर ठळक झालं. मसाल्याची जुनी वाट या काळात चालूच होती. तिच्यातला नफा इतरांकडे जात होता, तो त्यांना हवा होता.’

शेवटच्या वाक्यावर आमचा वाद झाला. नफ्याचा हेतू १४९८ च्या आधीच्या कुठल्या कागदात दिसतो, असं मी विचारलं. त्यांनी कोविल्यांकडे बोट दाखवलं: हेराला मसाले कुठून येतात ते शोधायला पाठवलं होतं. मी म्हटलं, त्यालाच प्रेस्टर जॉन या ख्रिस्ती राजाचा ठावठिकाणाही काढायला सांगितलं होतं. परिच्छेद त्यांनी तसाच ठेवला, फक्त समासात ‘पुरावा अर्धा’ असं लिहिलं.

सुमेरची वही अजून बंद आहे. त्यांनी तपासायला दुसरं वाक्य घेतलं आहे: ‘वास्को द गामाने भारताकडे जाणाऱ्या सागरी मार्गाचा शोध लावला.’ त्यासाठी त्या सध्या चीनकडे वळल्या आहेत. झंग ह या चिनी दर्यासारंगाचं आरमार गामाच्या नव्वद वर्षं आधीपासून कालिकतला येत होतं, आणि त्याच्यासोबत आलेल्या मा हुआन या दुभाष्याने तिथल्या बाजाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. दलाल आणि व्यापारी हातात हात घालून भाव ठरवतात, ठरलेला भाव मग कुणी मोडत नाही. आणि मोठमोठे हिशेब तिथले लोक गणनयंत्राशिवाय, हातापायांच्या बोटांवर करतात, तरी चुकत नाहीत, असं तो लिहितो. त्या बाईंनी हा उतारा मला वाचून दाखवला आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: मा हुआन हे कुणासाठी लिहीत होता?